हातगाडा हटवून कोंडी सुटत नाही

धाराशिव शहरात वाहतुकीचा विषय निघाला की दोन मागण्या ठरलेल्या असतात: अतिक्रमणे हटवा आणि रस्ते रुंद करा. व्यापाऱ्यांच्या निवेदनात हेच, निवडणुकीच्या प्रचारात हेच, टपरीवरच्या चर्चेतही हेच. पाठोपाठ तिसरे वाक्य येते, की आपल्या लोकांना शिस्तच नाही. ही तिन्ही विधाने इतक्या वेळा कानावर पडली आहेत की ती तपासून पाहावीत असे कुणाला वाटत नाही. त्यांच्या भरवशावर पैसा खर्च होतो, हातगाडे उचलले जातात, आणि चौक तुंबायचा तो तुंबतोच. मला या तिन्ही विधानांचा प्रतिवाद करायचा आहे. त्यांच्यामुळे कोंडी सुटत नाही आणि गरिबाच्या पोटावर मात्र पाय पडतो.

आधी समोरची बाजू नीट मांडली पाहिजे. जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून इथे आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. निजामाच्या राजवटीत हे गाव पायी चालणाऱ्या माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाने वाढले. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८० हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती १ लाख १२ हजारांच्या आसपास गेली. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण सांजा रस्त्याने किंवा बार्शी नाक्याच्या पलीकडे एक फेरी मारली तरी शहर किती पसरले ते दिसते. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय यांच्यासाठी आठ तालुक्यांतून माणसे रोज इथे येतात. माणसे वाढली, गाड्या वाढल्या, रस्ते मात्र तेवढेच राहिले. तेव्हा रस्ते वाढवा, आणि वाढवण्याच्या आड जे येईल ते काढा. असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात वाईट काही नसते. तो रोज अडकतो आणि वैतागतो.

पण या म्हणण्याची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेली आहे. सोलापूर ते येडशी हा महामार्ग चौपदरी झाला आणि लांब पल्ल्याचे ट्रक, टँकर, ट्रॅव्हल्स शहराच्या कडेने जाऊ लागल्या. त्याआधी वर्षानुवर्षे सांगितले जात होते की कोंडीचे मूळ ही बाहेरची वाहतूक आहे, ती एकदा वळवली की शहर मोकळा श्वास घेईल. वाहतूक वळली. शहरातून जाणाऱ्या जुन्या रस्त्याला एवढी मोठी सवलत कोणत्याही रुंदीकरणाने मिळाली नसती. तरीही आज छत्रपती शिवाजी महाराज चौकात सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी साडेसहाला काय होते, हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ट्रक गेले आणि त्यांची मोकळी झालेली जागा आपल्याच मोटारींनी भरली. महामार्गाचे काम गरजेचे होते, त्याने अपघाताचा धोका शहराबाहेर नेला, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त रुंदी कमी पडते म्हणून कोंडी होते, हे विधान त्या दिवशी खोटे ठरले, आणि आपण त्याची नोंद घेतली नाही.

आता रस्त्याकडेच पाहू. बसस्थानकाबाहेर किंवा नेहरू चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहा आणि सोबत मोजपट्टी ठेवा. समजा डांबराची रुंदी बारा मीटर आहे. दोन्ही कडांना उभ्या असलेल्या गाड्या मोजा. दुचाकी आडवी लावली तर दोन मीटर खाते, चारचाकी लांबीने लावली तरी जवळजवळ तेवढेच. म्हणजे चार मीटर गेले. दुकानाच्या पायरीपुढे ठेवलेला फलक, पुतळा, मालाची पोती यांच्यापोटी आणखी काही. उरलेल्या सात-साडेसात मीटरमध्ये येणारी आणि जाणारी वाहने, आणि पदपथ नसल्यामुळे किंवा असलेला अडलेला असल्यामुळे रस्त्यात उतरलेली माणसे. शाळा सुटली की दप्तर पाठीवर घेतलेली मुले याच साडेसात मीटरमध्ये असतात. एका हाताने नातवाला धरून दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेतलेली म्हातारी याच साडेसात मीटरमध्ये असते. तिला चुकवायला रिक्षा वळते, रिक्षाला चुकवायला मोटार थांबते, मोटारीमागे दहा दुचाकी अडकतात. बारा मीटरपैकी एक तृतीयांश रस्ता थांबलेल्या वाहनांना फुकट देऊन टाकला, आणि ज्यांच्यासाठी रस्ता होता त्यांना उरलेल्या जागेत एकमेकांशी झगडायला सोडले. कोंडी इथे तयार होते. हा रस्ता उद्या पंधरा मीटरचा केला तर वाढलेले तीन मीटरही उभ्या गाड्याच घेतील, कारण त्यांना कुणी दुसरी जागा दाखवलेली नाही आणि उभे राहण्याचे पैसेही कुणी मागत नाही.

हातगाड्याचे माप याच मोजपट्टीने घ्या. केळीचा गाडा दोन-अडीच चौरस मीटर जागा घेतो. त्यावर एक कुटुंब जगते आणि दिवसाला शेकडो गिऱ्हाइके त्याच्याकडून सामान नेतात. एक मोटार नुसती उभी असली तरी आठ चौरस मीटर घेते. आत-बाहेर वळवायची जागा धरली तर वाहनतळ आखताना आपल्याकडे एका मोटारीसाठी २३ चौरस मीटर धरतात. त्या मोटारीतून बहुतेक वेळा एक माणूस उतरलेला असतो आणि तो तासाभराने परत येणार असतो. तरी अतिक्रमण म्हणून उचलला जातो तो गाडा. मोटारीला अतिक्रमण म्हणायचे आपल्या मनातही येत नाही. अतिक्रमणविरोधी मोहिमेच्या दिवशी रस्ता मोकळा दिसतो हे खरे आहे. दोन दिवसांनी तिथे काय उभे असते ते पाहा. हातगाड्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी दुचाक्या आणि चारचाक्या लागलेल्या असतात, आणि गाडेवाला रस्त्याच्या आणखी आत, आणखी धोक्याच्या ठिकाणी उभा असतो, कारण त्याला कुठेतरी उभे राहावेच लागते.

शिवाय यात कायदा आहे, आणि तो गाडेवाल्याच्या बाजूने आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात पथविक्रेत्यांची समिती हवी, तिच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच हवेत, दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण व्हायला हवे, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे, असेही त्यात आहे. १ लाख १२ हजारांच्या शहरात हा आकडा २,८०० होतो. म्हणजे विक्रेता हा शहराचा अधिकृत भाग आहे असे संसदेने ठरवले आहे. "अतिक्रमण हटवा" असे निवेदन देणाऱ्यांनी त्याच कागदावर "पथविक्रेता समिती कधी बसली, विक्रेत्यांसाठी कोणती जागा आखली" हे दोन प्रश्नही लिहावेत. कायदा मागायचा तर पूर्ण मागावा.

जागा आखण्याचा विषय निघालाच आहे तर विकास आराखड्याबद्दल बोलले पाहिजे, कारण खरे दुखणे तिथे आहे आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्यानुसार शहराचा आराखडा होतो, त्यात भाजी मंडई, वाहनतळ, उद्यान, शाळा यांसाठी भूखंड आरक्षित होतात. आरक्षण म्हणजे जमीन पालिकेची झाली असे नाही. ती मोबदला देऊन ताब्यात घ्यावी लागते. दहा वर्षांत घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. लहान पालिकेकडे पैसा नसतो, असला तरी तो रस्त्याच्या डांबराकडे जातो, कारण डांबर दिसते. आरक्षण संपते, भूखंडावर इमारत उभी राहते. जी मंडई तिथे व्हायची होती ती व्हायची राहते आणि तिचे गाडे रस्त्यावर येतात. जो वाहनतळ व्हायचा होता त्याच्या गाड्याही रस्त्यावर येतात. मग पुन्हा निवेदन: रस्ते रुंद करा. महाराष्ट्रातल्या लहान शहरांची ही गोष्ट आहे, धाराशिव त्यातले एक.

इमारतींची दुसरी बाजूही अशीच. बांधकाम परवानगीच्या नकाशात वाहनतळ असतो. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यभर लागू झालेल्या एकात्मिक नियमावलीतही प्रत्येक प्रकारच्या इमारतीसाठी किती गाड्यांची सोय हवी याचे कोष्टक आहे. पण इमारत वापरात आली की तळघरात दुकान सुरू होते, गोदाम होते, क्लास भरतो, कुठे दवाखान्याची तपासणी खोली होते. मंगल कार्यालयात हजार पानांची पंगत उठते आणि पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर असतात. हे कुणा एकाचे पाप मानून सोडून देण्यासारखे नाही. नकाशातली जागा प्रत्यक्षात आहे का हे पाहायला एकदा कुणी जात नाही, म्हणून ते होते. एका गाडेवाल्याला हटवायला जेवढी माणसे लागतात तेवढीच माणसे हे मोजायला पुरतील.

आता रुंदीकरणाचे मोठे स्वप्न घेऊ. आपली मुले पुण्याला शिकायला जातात, तिकडेच नोकरीला लागतात, आणि सुटीत आली की म्हणतात, आपल्याकडेही उड्डाणपूल हवा. त्यांनी पुण्याचा पुढचा भाग सांगितला पाहिजे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोवर २०२० मध्ये तो पाडावा लागला. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात स्फोटके लावून उडवला, तिथे नवे पूल आणि मार्गिका झाल्या. एवढे सगळे करून टॉमटॉमच्या २०२४ च्या जागतिक यादीत पुणे वाहतुकीच्या संथपणात चौथे आले. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद केला, काही ठिकाणी बाजूच्या रस्त्यांसह तो २६ मार्गिकांचा आहे. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांचे आकडे तपासून दाखवले की रस्ते जितके वाढतात जवळपास तितकाच गाड्यांचा प्रवासही वाढतो. याचे कारण साधे आहे. रस्ता मोकळा दिसला की जो माणूस पायी जात होता तो गाडी काढतो, जो एका फेरीत कामे उरकत होता तो दोन फेऱ्या करतो, जो गावात घर घेणार होता तो पाच किलोमीटर बाहेर प्लॉट घेतो. मोकळा रस्ता वर्षा-दोन वर्षांत पुन्हा भरतो.

कुणी म्हणेल, पुणे आणि ह्यूस्टन कुठे आणि धाराशिव कुठे. मग आपल्याच जिल्ह्यातला दाखला देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावे नव्या जागी वसवावी लागली. तेव्हा आखणी करणाऱ्यांनी ठरवले की जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्यांनी माणसे मारली, आता रस्ते रुंद आणि सरळ हवेत. दगडी भिंतींच्या ढिगाऱ्याखाली गेलेली माणसे डोळ्यांसमोर असताना तसे वाटणे समजण्यासारखे आहे, आणि सुरक्षित घरे मिळाली हे मोठे काम झाले. पण गाव मूळ गावठाणाच्या कितीतरी पट जागेवर पसरले. रुंद रस्ते रिकामे पडले, त्यांवर सावली नव्हती, दोन घरांमध्ये हाक पोहोचेल असे अंतर राहिले नाही. शेजारी एकत्र राहिले नाहीत, वस्तीच्या रचना मोडल्या, शेत लांब पडले. हाकेच्या अंतरावरचे दुकान आणि पार चालण्याच्या टप्प्याबाहेर गेले. पुढे लोकांनी त्याच रुंद रस्त्यांच्या कडांना गोठे आणि न्हाण्या बांधून, झाडे लावून आपापल्या दारापुढे पुन्हा जवळीक तयार केली. भूकंपग्रस्त भागात काम केलेल्या वास्तुविशारदांनी आणि संशोधकांनी हे लिहून ठेवले आहे. रस्ता रुंद केला की अंतर वाढते, आणि अंतर वाढले की ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याचेच गाव उरते. हा धडा शिकायला आपल्याला परदेशी जाण्याची गरज नव्हती. लोहारा तालुक्यात तो तीस वर्षांपासून उघड्यावर पडला आहे.

शिस्तीबद्दल. हे विधान मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ते दोष नेहमी खालच्या माणसावर ढकलते. मोजक्या जागेत कोण कुठून चालणार, कोण कुठे थांबणार हे आखलेले असेल तेव्हाच ते मोडणाऱ्याला बेशिस्त म्हणता येते. चालणाऱ्याला पदपथ नाही, मग तो रस्त्यात चालतो तर बेशिस्त कुठे झाला? रिक्षाला थांबा नाही, मग ती प्रवासी दिसेल तिथे थांबणारच. काळी-पिवळी जीप बसस्थानकाच्या तोंडाशी उभी राहते कारण उतरलेला प्रवासी तिथेच भेटतो आणि तिच्यासाठी दुसरी जागा कुणी नेमून दिलेली नाही. हेच लोक नवरात्रात तुळजापूरला रात्र रात्र रांगेत उभे राहतात. जिथे रांग आखलेली असते तिथे रांग लागते.

तुळजापूरकडे वळतो, कारण जिल्ह्याची सगळ्यांत मोठी वाहतुकीची परीक्षा तिथे होते आणि सर्वाधिक पैसाही तिथेच येणार आहे. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, सुटीचे दिवस आणि शारदीय नवरात्र हे तिथले गर्दीचे दिवस. तुळजाभवानी मंदिराच्या महाद्वाराकडे येणारे रस्ते जुन्या गावातून येतात. भवानी रोड, आर्य चौक, कमानवेस ही सगळी वस्ती बालाघाटाच्या उतारावर आहे. इथे रुंदीकरण म्हणजे कुणाच्या तरी चार पिढ्यांच्या घरावर किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानावर खूण करणे. राज्य सरकारने २०२५ मध्ये तुळजाभवानी मंदिर विकासासाठी १,८६५ कोटींचा आराखडा मंजूर केला. एवढ्या पैशाचे काम सुरू होते तेव्हा पहिली मागणी हीच येते की मोटार महाद्वाराच्या जास्तीत जास्त जवळ पोहोचावी आणि तिथे बहुमजली वाहनतळ व्हावा. मी म्हणतो, हे केले तर नवरात्रात तुळजापूर कायमचे अडकेल. मंदिराजवळ हजार गाड्यांची जागा केली की त्या हजार गाड्या एकाच वेळी गावाच्या पोटात शिरतात आणि एकाच वेळी बाहेर पडू पाहतात. ज्यांना आत जागा मिळणार नाही अशा आणखी हजार गाड्या आतली जागा आता रिकामी होईल या आशेने रस्त्यात थांबतात.

तुळजापूरची स्वतःची परंपरा याच्या उलट आहे आणि ती जिवंत आहे. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसे पायी येतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. त्या दिवसांत प्रशासन या रस्त्यावरची वाहने दुसऱ्या मार्गांनी वळवते आणि महामार्ग पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात देते. रात्रभर माणसे चालतात. बाया डोक्यावर परडी घेऊन चालतात, पोरे अनवाणी चालतात, ठिकठिकाणी चहा-पाण्याची आणि पाय चेपून देण्याची सोय असते. त्या एका रात्री हा रस्ता जितकी माणसे पोहोचवतो तितकी तो वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही रात्री मोटारींनी पोहोचवू शकत नाही. हे मोजायला वाहतूकतज्ज्ञ नको. मोटारींनी भरलेली एक मार्गिका तासाला साधारण ६०० ते १,६०० माणसे नेते. तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून नऊ हजार माणसे जातात. वर्षातून एकदा आपले जिल्हा प्रशासन हे तत्त्व पाळते आणि ते उत्तम चालते. मग घाटशीळच्या वाहनतळासारखे तळ गावाच्या चारही बाजूंना करावेत, तिथून महाद्वारापर्यंत सावलीचा, बसायला ओटे असलेला पायमार्ग करावा, म्हाताऱ्या-अपंगांसाठी लहान विजेच्या बसगाड्या ठेवाव्यात, आणि गर्दीच्या दिवशी आतल्या रस्त्यांवर फक्त रहिवासी, रुग्णवाहिका आणि या बसगाड्या चालाव्यात. १,८६५ कोटींत एवढे बसत नसेल तर आराखड्याची पाने पुन्हा उलटली पाहिजेत. भवानी रोडचे दुकानदार सुरुवातीला विरोध करतील, त्यांची भीती मी समजतो. पण त्यांचे गिऱ्हाईक मोटारीच्या काचेतून खरेदी करत नाही. ते चालत येते, थांबते आणि कवड्यांची माळ हातात घेऊन पाहते. माणसे चालली तर त्यांचा धंदा वाढेल.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतो आहे. धाराशिवला ब्रॉडगेज येऊन फार वर्षे झाली नाहीत; बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज येडशीवरून जायची, जिल्ह्याच्या गावाला तिने वगळलेच होते. आता तुळजापूरचे भाविक रेल्वेने येणार असतील तर ते मोटारीविना येणार. स्थानकापासून महाद्वारापर्यंत त्यांना पायी किंवा बसने सुखाने येता आले तर पुढच्या वेळी ते रेल्वेनेच येतील. स्थानकाबाहेर रिक्षांचा गोंधळ आणि चालायला कडा नसलेला रस्ता मिळाला तर पुढच्या वेळी गाडी काढतील.

एक आक्षेप राहतो आणि तो प्रामाणिक आहे. ढोकी, तेर, बेंबळी, येडशीहून येणारा माणूस मोटारसायकल सोडून येईल कशाने? त्याला एसटी आहे, आणि ती भरून चालते. २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट झाले तेव्हापासून बसमध्ये बाया किती वाढल्या ते कोणत्याही वाहकाला विचारा. त्या बाईचा प्रवास बसस्थानकावर संपत नाही. तिला जिल्हा रुग्णालयात, तहसीलात, मुलीच्या वसतिगृहात जायचे असते, आणि तिथे न्यायला पालिकेची बस नाही. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे ती रिक्षाला देते. केंद्राने २०२३ मध्ये दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना आणली, पण ती मुख्यतः २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी. सोलापूरला ती लागू होते, धाराशिवला नाही. म्हणजे ज्या शहरात मोटारीची सवय अजून पुरती लागलेली नाही, जिथे दहा-पंधरा बसगाड्यांनी चित्र बदलू शकते, त्याला धोरणानेच बाहेर ठेवले. जिल्ह्याचे पालकमंत्री प्रताप सरनाईक हे राज्याचे परिवहनमंत्री आहेत. शहरासाठी आणि तुळजापूरसाठी एसटीच्या छोट्या बसगाड्यांची फेरी मागायची तर याहून योग्य दार कोणते? उड्डाणपुलाची मागणी करणाऱ्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी एकदा ही मागणी करून पाहावी.

त्याच बरोबरीने, नवी कार्यालये कुठे होतात याकडे लक्ष हवे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. अशा संस्थांची कायमची जागा शहराबाहेर दूर ठरली की रोज हजारो फेऱ्या जन्माला येतात, आणि त्या कोणत्याही रुंदीकरणाने परत घेता येत नाहीत. उसाच्या हंगामाचेही तसेच: दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर शहरातून कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याने जातील हे कारखान्यांशी बसून ठरवता येते. त्याला खर्च शून्य आहे.

हे सगळे आज का लिहितो आहे? धाराशिव शहरातल्या ५९ रस्त्यांसाठी नगरोत्थान अभियानातून १४० कोटींचे काम ठरले. त्यावर निविदेच्या दरावरून वाद झाला, आंदोलने झाली, राजकारण रंगले. भुयारी गटारीने उखडलेल्या रस्त्यांवरून घसरून पडलेल्या लोकांना ही कामे लवकर हवी आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. पण दर किती टक्के जादा होता यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या शतांश चर्चाही या ५९ रस्त्यांचा छेद कसा असेल यावर माझ्या कानावर आली नाही. कडेपासून कडेपर्यंत काँक्रीट ओतले की त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागणार आणि माणसे मधून चालणार, पुढची तीस वर्षे. भारतीय रोड काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची अडथळ्याविना किमान रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. दोन व्हीलचेअर एकमेकींच्या शेजारून जाऊ शकतील एवढी. २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगते की रस्ता आखताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करायचा.

२०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाली. बराच काळ प्रशासकाच्या हातात असलेल्या शहराला लोकांनी निवडलेले सभागृह मिळाले. माझी या सभागृहाकडे मागणी अशी आहे. या ५९ पैकी प्रत्येक रस्त्याचे काम सुरू होण्याआधी त्याचा आडवा छेद नगरपरिषदेच्या फलकावर आणि त्या त्या प्रभागात लावावा: पदपथ किती मीटर, झाडांची पट्टी किती, गाडे कुठे, रिक्षा कुठे, गाड्या कुठे आणि तासाला किती रुपये देऊन. पदपथ १.८ मीटरपेक्षा अरुंद असेल तिथे का, हे अभियंत्याने लेखी सांगावे. पथविक्रेता समितीची बैठक घेऊन हातगाड्यांच्या जागा त्याच नकाशावर आखाव्यात, आणि तोवर एकही गाडा उचलू नये. विकास आराखड्यात मंडई आणि वाहनतळासाठी राखलेल्या भूखंडांची यादी, प्रत्येकाच्या आरक्षणाची मुदत कधी संपते यासह, पहिल्याच अर्थसंकल्पाच्या सभेपुढे ठेवावी आणि त्यातला निदान एक भूखंड याच वर्षी ताब्यात घ्यावा.